डोंगरभर पसरलेलं झांजपथक

बाईंनी हात वर केला. आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला. हात खाली आला आणि शाळेच्या पटांगणात जे काही झालं त्याला वाजवणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पत्र्याच्या छपरावर नारळांचा ट्रक उलटावा, काही नारळ आधी पडावेत, काही जरा दम खाऊन पडावेत आणि एकदोन घरी जेवून येऊन मग पडावेत, तसलं काहीतरी. पिंपळावरचे बगळे उडाले ते कर्नाटकाची हद्द ओलांडल्यावरच खाली उतरले असतील. शाळेमागं हौसाबाई म्हैस पिळत होती. त्या म्हशीनं पान्हा चोरला तो पुढं दिवाळीपर्यंत सोडला नाही.

"थांबा," बाई म्हणाल्या.

थांबणंही आम्हांला एकत्र जमलं नाही.

या बाई म्हणजे माझी सून, सुवर्णा. घरात मी तिला सुवर्णा म्हणायचो, वर्गात बाई. कारण मी तिचा विद्यार्थी होतो. पथकातला मोठा ढोल वाजवणारा पोरगा टाळेबंदीत मामाच्या गावाला अडकला तो तिकडचाच झाला, आणि ढोल राहिला आमच्या घरी. सुवर्णा म्हणाली, "आबा, तुम्ही बसूनच असता, हा घ्या." म्हणून आठवी-नववीच्या पोरांच्या झांजपथकात मी एकटा पिकल्या मिशांचा.

"परत एकदा," बाई म्हणाल्या. "एकमेकांकडे बघा आणि वाजवा."

एकमेकांकडे कोण बघतो. वर्षभर फोनवर शिकलेली पोरं ती. गिरणीवाल्या मुल्लांचा आयान, ताशा वाजवणारा, फोन पिठाच्या डब्याला टेकवून शिकला होता. त्याची नजर गुडघ्याच्या वर येईना. बाईंपासून दोन हातांवर उभा राहून त्यानं विचारलं, "बाई, माझा आवाज येतोय का?" एका पोराला शिंक आली, तर तो आधी शोधायला लागला की कुठलं बटण दाबून आवाज बंद करायचा. आणि धनगरवाड्यावरची समृद्धी ढेबे, झांजवाली, एका पायावर उभी. वर तिच्या वाड्याजवळ एक काळा दगड आहे, त्याच्यावर एका पायावर उभं राहिलं तरच रेंज यायची. वर्षभर तशीच शिकली. दोन पायांवर तिला ताल सापडेना.

पण खरी गोची वेगळीच होती, आणि ती आमच्या हाताबोटांत मुरली होती.

फोनवर आवाज उशिरा पोचतो. कुणाचा कमी उशिरा, कुणाचा जास्त. जशी ज्याची रेंज. बाईंच्या कानात सगळ्यांचं एकत्र वाजायचं तर काय करणार. बाई सांगायच्या, "आयान, तुझा ताशा मागून येतोय, जरा आधी मार. समृद्धी, तू तर फारच आधी वाजव. माझा हात हलायच्या बेतात दिसला की वाजवून मोकळी हो." तसं करून करून प्रत्येकानं आपापली घाई पाठ केली. मी तर बाईंच्याच घरात राहणारा, पण माझा ढोल एकदा भिंतीतून ऐकू जायचा आणि एकदा फोनातून. बाईंनी मला सासरा म्हणून काही सूट दिली नाही. घराबाहेर काढून शाळेमागच्या पाण्याच्या टाकीवर बसवलं. तिथं मीही थोडी घाई शिकलो.

बाईंच्या कानात मात्र सगळं एका ठोक्यात पडायचं, आणि तिथंच घात झाला. संस्थेचे अध्यक्ष माणिकराव जगदाळे शाळेत आले असताना बाईंनी आपला फोन टीव्हीला जोडून आमचं पथक त्यांना ऐकवलं. पडद्यावर चौकटी चौकटींत आमची तोंडं, आणि वाजतंय असं की सुपारी फुटावी. माणिकराव खूश झाले. फार खूश झाले.

"बाई, हे तर शाळेत वाजायचं त्याहून झ्याक वाजतंय," ते म्हणाले. "मग ती संगीताची खोली अडवून कशाला ठेवायची? आमच्या सत्काराची मानचिन्हं ठेवायला घरात जागा नाही. आणि पुण्याचे एक सर आहेत, ते पडद्यावरनं आपल्या सगळ्या शाळांना एकदमच शिकवतील."

सुवर्णा तासांवर नेमलेली. खोली गेली की तिचे तास गेले, आणि पथक पडद्यावर गेलं. ती तापून बोलून गेली, "साहेब, समोरासमोर याच्या दुप्पट चांगलं वाजेल."

"वर्धापनदिनाला ऐकवा," माणिकराव म्हणाले. "पडद्यापेक्षा चांगलं वाजलं तर खोली तुमची. नाही वाजलं तर पुण्याचे सर." आणि निकाल लागायच्या आधीच त्यांच्या मानचिन्हांच्या पेट्या खोलीत येऊन पडल्यासुद्धा.

आता वर्धापनदिन तोंडावर आला होता, आणि पटांगणात नारळ पडत होते.

सुवर्णानं सगळं करून पाहिलं. पोरांचे हात धरले, डोळे बांधले, टाळ्या वाजवून घेतल्या. पण जो ज्याच्या घाईनं शिकला तो त्याच घाईनं वाजवायचा. समृद्धी तर इतकी आधी वाजवायची की तिची झांज आदल्या ठोक्याला जाऊन चिकटायची. घरी आल्यावर सुवर्णा भाकरीसुद्धा ठोके मोजत थापत होती.

"सुवर्णा," मी म्हटलं, "माणिकरावाला सर्दी झाली आणि कान बंद झाले तर?"

"आबा, जेवा."

दुसऱ्या दिवशी सरावाला समृद्धी आलीच नाही. तिची म्हैस सुटली होती, म्हणून ती अजून वरच होती. बाई म्हणाल्या, झांजेशिवाय करू. हात वर केला. हात खाली आला. आम्ही वाजवलं, नेहमीचं घरंदाज वाईट. आणि त्या सगळ्या गोंधळात, बाईंच्या हाताबरोबर, अगदी ठोक्यावर, एक झांज वाजली. पुन्हा वाजली. पुन्हा.

"थांबा," बाई म्हणाल्या. "झांज कोण वाजवतंय?"

आम्ही इकडे तिकडे बघितलं. झांज कुणाकडेच नव्हती. आयाननं वर बोट केलं. डोंगराच्या खांद्यावर, धनगरवाड्याखाली, काळ्या दगडावर एका पायावर समृद्धी उभी होती. खाली सराव सुरू झालेला दिसला म्हणून बिचारीनं घाबरून तिथूनच वाजवायला सुरुवात केली होती.

बाईंनी दगडापासून पटांगणापर्यंतचं अंतर नजरेनं मोजलं. मग हळूच म्हणाल्या, "आयान, तू जरा मागं जा."

"किती मागं?"

"वाजवत वाजवत जा. मी सांगते."

वरून झांज चालूच होती, आणि आयान ताशा बडवत मागं निघाला. फाटकाबाहेर गेला. ओढा ओलांडला. बाई हातानं खुणावत होत्या, अजून, अजून. शेवटी तो गिरणीच्या पत्र्यावर चढला, आणि तिथं पोचताच त्याचा ताशा समृद्धीच्या झांजेला येऊन असा जुळला जसा कुलपाला खटका. बाई खाली बसल्या आणि हसायला लागल्या. वर्षभरात मी सुवर्णाला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

गोष्ट सोपी होती. फोनानं आवाज उशिरा यायचा म्हणून पोरं आधी वाजवायला शिकली होती. फोन गेला, घाई राहिली. पण डोंगरावरून खाली यायला आवाजाला मुळातच वेळ लागतो. जितकी घाई तितकं लांब उभं करा, वारा घाईचा हिशेब चुकता करतो. मग त्या दिवशी बाईंनी एकेकाला मागं मागं पाठवलं. कुणी आंब्यावर, कुणी देवळाच्या पायरीवर, कुणी ग्रामपंचायतीच्या गच्चीवर, आणि मी टाकीवर. सगळे जागेवर बसल्यावर बघतो तर काय, जो तो वर्षभर जिथं बसून शिकला होता तिथंच पुन्हा जाऊन पोचला होता. ज्याची रेंज वाईट त्याचं घर लांब, आणि ज्याचं घर लांब त्याची घाई मोठी. इतका चोख मेळ मी माझ्या लग्नातसुद्धा पाहिला नाही.

घरी येता येता सुवर्णानं विचारलं, "आबा, ही फसवणूक तर होणार नाही?"

"वाजवणारी पोरं तीच, ताल तोच. मधे फक्त गाव आहे," मी म्हटलं. "आणि गाव आपलंच आहे."

वर्धापनदिनाला माणिकराव आले ते टोपी, जाकीट, गळ्यात हार असे. शेजारी पाहुणे म्हणून एक निवृत्त मामलेदार. माणिकरावांनी भाषण केलं. आपण तरुणपणी याच गावच्या पथकात झांज वाजवायचो आणि आपली झांज ऐकायला लोक घाट चढून यायचे, असं सांगितलं. मी त्यांच्याबरोबर त्या पथकात होतो. त्यांना झांज वाजवायला दिली नव्हती, एकाला वाजवताना घाम आला की तो पुसेपर्यंत धरून ठेवायला दिली होती. पण भाषणात तसं कोण सांगतो.

"आता झांजपथक," बाईंनी जाहीर केलं.

माणिकरावांनी रिकाम्या पटांगणाकडे पाहिलं. "पथक कुठंय?"

"येईल साहेब. तुम्ही फक्त या खुर्चीतून हलू नका."

खुर्ची बाईंनी स्वतः मांडली होती, पटांगणाच्या बरोबर मधे, भोवती चुन्याची रेघ ओढून. खुर्चीमागं त्या उभ्या राहिल्या, हातात काठीला बांधलेली लाल ओढणी. ती ओढणी त्यांनी वर केली. डोंगरभर सगळीकडे हात वर झाले. ओढणी खाली आली.

आवाज चारी बाजूंनी निघाला. मी टाकीवर होतो, मला फक्त माझा ढोल ऐकू येत होता, पण माणिकरावांचं तोंड मला दिसत होतं. आधी ते दचकले. मग तोंड उघडं राहिलं. मग पाय हलायला लागला. गिरणीवरून ताशा, देवळाकडून ढोल, आभाळातून झांज, आणि सगळं येऊन त्या एका खुर्चीत एका ठोक्याला पडत होतं. नंतर ते सांगत होते की अंगावरचा हार ठोक्याठोक्याला उडत होता.

"वा," ते ओरडले. "मामलेदारसाहेब, काय वाजवतायत पोरं."

मामलेदार चुन्याच्या रेघेबाहेर बसले होते. त्यांना कुणाचा ठोका आधी, कुणाचा मागून ऐकू येत होता. ते कानात बोटं घालून म्हणाले, "हा काय धिंगाणा?"

"धिंगाणा? तुमच्या कानाला झालंय काय?"

"तुमच्याच कानाला झालं असेल."

"इकडं या बघू. बसा."

मामलेदार खुर्चीत बसले आणि त्यांचं तोंड लोण्यासारखं झालं. माणिकराव रेघेबाहेर उभे राहिले, आणि त्यांना नारळांचा ट्रक ऐकू आला. "उठा उठा," ते म्हणाले. मामलेदार उठेनात. तोवर गावात बातमी गेली होती की खुर्चीत बसलं तर स्वर्ग आहे. सरपंच आले, उपसरपंच आले, हौसाबाई म्हशीला घेऊन आली आणि खुर्चीसमोर रांग लागली. माणिकरावांनी शेवटी अध्यक्षपदाचा हक्क लावून खुर्ची परत घेतली.

वाजवून झालं. बाईंचा चेहरा फुलला होता. माणिकराव उठले, माईक हातात घेतला.

"बाई, तुम्ही मला जिंकलंत," ते म्हणाले. "पडद्याच्या दुप्पट काय, चौपट वाजलं. म्हणजे माझंच खरं ठरलं. पोरं घरी, वाद्यं घरी, आणि काम एक नंबर. मग खोली हवीच कशाला? खोली काय, पटांगण तरी कशाला हवं?"

सुवर्णाच्या हातातली ओढणी खाली आली. मी टाकीच्या शिडीवरून निम्मा उतरलो आणि तिथंच थांबलो. 

तेवढ्यात समृद्धी येऊन उभी राहिली. डोंगर उतरायला ती शेळीपेक्षा चपळ. झांज गळ्यात, परकराला कुसळं.

"साहेब, चांगलं वाजलं का?" तिनं विचारलं.

"चांगलं? पोरी, अंगावर काटा आला."

"मग मला ऐकायचंय."

"काय ऐकायचंय?"

"आमचं पथक. असं जुळलेलं मी कधी ऐकलंच न्हाई."

माणिकराव हसले. "तूच वाजवतीस आणि तूच ऐकलं नाहीस?"

"वरनं मला माझीच झांज ऐकू येती. वर्षभर फोनातबी तसंच. सगळ्यांचा आवाज चालू ठेवला की गोंधळ व्हायचा, म्हणून एकमेकांचे आवाज बंद असायचे. फक्त बाईंना सगळं ऐकू जायचं." तिनं खुर्चीकडे पाहिलं. "बसू का?"

"बस की. बाई, वाजवा परत."

समृद्धी खुर्चीत बसली. मी शिडी चढून ढोलाशी गेलो. बाकीची पोरं अजून जागेवर होती. ओढणी वर गेली, खाली आली, आम्ही वाजवलं. समृद्धीनं डोळे मिटून ऐकलं, आणि थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणाली, "यात झांज न्हाई."

"झांज तुझ्या गळ्यात आहे. तू इथं बसलीस, मग कशी असेल?"

"मग हे आमचं पथक कुठंय? हे एक कमी आहे."

"आता त्याला काय इलाज?"

"कुणीतरी वर जायला पायजे," समृद्धी म्हणाली. "झांज येणारं."

 मी टाकीवरून आवाज दिला, "माणिकराव, तुमची झांज ऐकायला लोक घाट चढून यायचे म्हणे."

माणिकरावांनी माझ्याकडे असं बघितलं की टाकीतलं पाणी तापलं असतं. पण गाव बघत होतं, रांग बघत होती, मामलेदार तर मुद्दाम बघत होते. माणिकरावांनी हार काढून म्हशीच्या गळ्यात घातला, झांज घेतली आणि डोंगराला लागले.

त्यांना वर पोचायला इतका वेळ लागला की तोवर शिक्षकांनी सगळ्यांना चहा दिला. मग डोंगराच्या खांद्यावर एक पांढरी टोपी दिसली. काळ्या दगडावर चढली. बाईंनी ओढणी हलवली.

ढोल, ताशा, सगळं ठोक्यावर. आणि झांज येत होती, पण सगळं झाल्यावर, शिळ्या बातमीसारखी. माणिकरावांना आधी वाजवायची सवय कुठून असणार. समृद्धी खुर्चीत उभी राहून ओरडली, "साहेब, आधी, अजून आधी." वर काही पोचेना. माणिकरावही वरून हात हलवून काहीतरी ओरडत होते. तेही खाली पोचेना. मग त्यांनी खिशातून फोन काढला. रेंज नव्हती. फोन वर धरला, खाली धरला, उजवीकडे धरला, आणि सगळ्या गावानं पाहिलं की संस्थेचे अध्यक्ष गळ्यात झांज अडकवून, एका हातात फोन धरून, डोंगराच्या खांद्यावर एका पायावर उभे राहिले.

बाईंचा फोन वाजला.

"हॅलो, बाई, बरोबर येतंय का?" आवाज तुटत होता. "मला इथं काहीच ऐकू येत नाही. तुम्ही वाजवताय का? का बंद केलंत?"

"वाजवतोय साहेब. तुम्ही वाजवा."

"काय म्हणालात? हॅलो?"

आणि फोन गेला. माणिकराव वाजवत राहिले. आम्ही थांबलो तरी ते वाजवत होते, कारण आम्ही थांबलेलं त्यांना कळलं नव्हतं. एकटेच, एका ठोक्याला दोन ठोके घालत. बघताना आधी सगळं गाव हसलं. मग हसू आपोआप कमी होत गेलं. बाईंनी ओढणी हलवून हलवून त्यांना खाली बोलावलं.

ते आले तेव्हा टोपी हातात होती आणि जाकिटाला कुसळंच कुसळं. समृद्धी खुर्चीतून उठली. पण ते खुर्चीत बसले नाहीत, पायरीवर बसले.

"ऐकू आलं का साहेब?" बाईंनी विचारलं.

"कुठलं काय. माझं मलाच." त्यांनी पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि समृद्धीकडे वळले. "वर्षभर तिथं एकटीच वाजवत होतीस?"

"एकटी कुठं, म्हशी होत्या की."

"म्हशींना काय कळतंय."

"एकीला कळायचं थोडं थोडं."

माणिकरावांनी वर काळ्या दगडाकडे एकदा पाहिलं. मग मला म्हणाले, "गणपा, खाली ये. त्या खोलीतल्या माझ्या पेट्या बाहेर काढ."

"कुठं ठेवू?"

"घाल कुठंही. नाहीतर वर नेऊन त्या दगडावर मांड, सत्काराला माणसं लागतात ते त्यांनाही कळू दे." आणि बाईंना म्हणाले, "पुण्याच्या सरांना मी नको म्हणून कळवतो."

दुसऱ्या दिवशी त्या खोलीत आम्ही सगळे पहिल्यांदा दाटीवाटीनं उभे राहिलो, गुडघ्याला गुडघा लावून. बाईंनी हात खाली आणला आणि आम्ही वाजवलं. इतकं वाईट वाजलं की भिंतीवरचा गिलावा सुटला आणि दारात उभे असलेले माणिकराव दोन पावलं मागं सरले. पण समृद्धीनं आयानकडे पाहिलं, आयाननं माझ्याकडे, आणि आम्ही सगळे खो खो हसत सुटलो, कारण ते वाईट वाजलेलं सगळ्यांना एकाच वेळी ऐकू आलं होतं.